अमेरिकेत गाडीचा विमा घेताना पीआयपी घ्यावं का, आणि किती

"हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे ना, मग पीआयपीवर कशाला पैसे घालवतोस?" अमेरिकेत गाडी घेतली की हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. मलाही मिळाला होता आणि मी तो ऐकला. त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या पॉलिसी मी शेजारी बसून भरून घेतल्या आहेत. हे वाक्य कानावर पडलं की आजही डोकं तापतं.

पर्सनल इंजुरी प्रोटेक्शन, म्हणजे पीआयपी, एका गोष्टीसाठी असतं. अपघातात चूक कुणाचीही असो, तुमच्या आणि गाडीत बसलेल्यांच्या उपचाराचा खर्च तुमचीच विमा कंपनी देते. बऱ्याच राज्यांत बुडालेल्या पगाराचा काही भागही मिळतो.

पहिलं काम, आपल्या राज्याचा नियम पाहा. न्यूयॉर्कमध्ये ५०,००० डॉलरचं नो-फॉल्ट संरक्षण (चूक न बघता पैसे देणारं, म्हणजे पीआयपीच) सक्तीचं आहे, तिथे घ्यावं की नाही हा प्रश्नच नाही. टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये कंपनीला पीआयपी देऊ करावंच लागतं आणि नको असेल तर तुम्हाला तसं लेखी द्यावं लागतं. म्हणून तिथे सह्यांच्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद वाचा. कॅलिफोर्नियात पीआयपी नाही, मेडपे (फक्त उपचाराचा खर्च देणारं कव्हर) मिळतं. न्यू जर्सीत १५,००० पासून २,५०,००० डॉलरपर्यंत पर्याय आहेत, आणि खरी फसगत तिथेच होते.

फसगत रकमेत नाही, 'आधी पैसे कोण देणार' या चौकटीत आहे. न्यू जर्सीत तुम्ही हेल्थ प्लॅनला प्रायमरी, म्हणजे आधी पैसे देणारा, ठरवू शकता. तसं केलं की प्रीमियम कमी होतो. एजंटने मला स्क्रीनवर कमी झालेला आकडा दाखवला आणि मी होकार दिला. पुढे सिग्नलला उभा असताना मागून एकाने धडक दिली. मान आणि खांदा, कित्येक महिने फिजिओथेरपी. हेल्थ प्लॅन म्हणाला, मोटार अपघाताचा खर्च आमच्याकडे बसत नाही. गाडीची विमा कंपनी म्हणाली, तुम्हीच हेल्थ प्लॅनला पुढे केलं होतं. शेवटी पीआयपीनेच पैसे दिले, पण वर ज्यादा डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) लावून. तोवर वसुलीवाल्यांची पत्रं घरी येत होती आणि दुखरी मान घेऊन मी तासन्तास फोनवर होतो.

असं होतं, कारण मोठ्या कंपन्यांचे हेल्थ प्लॅन बरेचदा सेल्फ-फंडेड असतात. पैसे खुद्द कंपनीचे असतात आणि प्लॅन १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली चालतो. राज्याचे विमा नियम त्याला सहसा लागू होत नाहीत. प्लॅनच्या पुस्तिकेत मोटार अपघात वगळलेला असेल, तर तो वगळलेलाच.

तेव्हा ती चौकट भरण्याआधी एचआरकडून 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' मागवा. चार-आठ पानांचा तक्ता पुरत नाही, पूर्ण पुस्तिकाच हवी. तिच्यात 'नो-फॉल्ट', 'मोटर व्हेइकल' आणि 'कोऑर्डिनेशन ऑफ बेनिफिट्स' हे शब्द शोधा. मग हेल्थ प्लॅनला फोन करा. "अपघात कव्हर होतो का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. असं विचारा: "गाडीच्या पॉलिसीत मी तुम्हाला प्रायमरी ठेवलं, तर मोटार अपघाताचा खर्च तुम्ही प्रायमरी म्हणून द्याल का?" उत्तर लेखी घ्या. लेखी देत नसतील तर पीआयपीच प्रायमरी ठेवा आणि विषय संपवा. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना असणाऱ्यांना तर न्यू जर्सीत हेल्थ प्रायमरी करताच येत नाही.

उत्तर अनुकूल आलं तरी दोन गोष्टींचा विचार करा. नोकरी गेली की हेल्थ प्लॅनही जातो. एच-वन-बीवर असाल तर त्या दिवसांत डोक्याला आधीच पुरेसा घोर असतो. दुसरं, घरातले सगळे त्या प्लॅनमध्ये आहेत का? ग्रीन कार्डावर तुमच्याकडे राहणारे आईबाबा ऑफिसच्या प्लॅनमध्ये बहुधा नसतात. आठवड्याला मंदिरात जाताना मागच्या सीटवर मात्र तेच असतात.

आता रक्कम. माझं मत ठाम आहे: न्यू जर्सीत २,५०,००० च घ्या. इमर्जन्सी रूम, स्कॅन आणि एखादं ऑपरेशन यात १५,००० कधी संपले ते कळतही नाही. काही गंभीर इजांना, उदाहरणार्थ मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या कायमच्या इजेला, कमी मर्यादा निवडली असली तरी २,५०,००० पर्यंत खर्च मिळतो. एजंट हे सांगून स्वस्त पर्याय गळ्यात मारतात. पण मोडलेला खांदा किंवा गुडघा बहुधा त्या यादीत बसत नाही. दोन्ही मर्यादांच्या प्रीमियमचे आकडे शेजारी ठेवून फरक स्वतः बघा. पैसे वाचवायचेच असतील तर कोलिजनचं (धडकेत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) डिडक्टिबल वाढवा. पत्रा नंतरही ठोकता येतो.

पीआयपीचं डिडक्टिबल तेवढंच ठेवा, जेवढे उद्या खिशातून देता येतील.

डिक्लरेशन पेज (पॉलिसीत काय काय निवडलं त्याचा गोषवारा) आलं की मर्यादा आणि प्रायमरी कोण, या दोन नोंदी त्याच दिवशी ताडून पाहा. माझ्या मेव्हणीच्या पेजवर सांगितलेलं सोडून हेल्थ प्रायमरी छापून आलं होतं. तिने लगेच ईमेल केला आणि दुरुस्त पेज हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.