भाड्याच्या घरात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतंय? मग हे करून बघा

शहराच्या कडेला नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला की बरेचदा नळाला कॉर्पोरेशनचं पाणी नसतंच, बोअर असतो, कुठे विहीर, उन्हाळ्यात टँकर, आणि हे सगळं एकाच टाकीत जातं. ओनर म्हणतो "पाणी चोवीस तास आहे", ते खरंही असतं, पण ते पिण्यालायक आहे का हे कोणी सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट अचानक वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला आणि मग सगळे पाण्याच्या मागे लागले. तेवढी वेळ येईपर्यंत कशाला थांबायचं, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आजपासूनच पिण्याचं पाणी वेगळं करा

शंका आली ना, मग रिपोर्टची वाट बघू नका. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळून घ्या, मग खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. दात घासायला, भाज्या धुवायला, बाळाच्या बाटलीला पण तेच वापरा, कारण लोक पितात उकळलेलं आणि कोशिंबिरीची काकडी नळाखाली धुतात. बाहेरचा २० लिटरचा जार सील नसलेला असेल तर तोही उकळूनच घ्या, थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही.

घरात कोणाला जुलाब होऊन गेल्यावर हातापायाला मुंग्या यायला लागल्या, पायातली ताकद गेल्यासारखं वाटलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या.

मग टाकी बघायला जा

वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. बोअर कुठे आहे, टँकर किती वाजता येतो, अंडरग्राउंड टाकी शेवटची कधी धुतली. टँकर येतो तेव्हा एकदा खाली उभे राहा. ड्रायव्हर पाइप ओढत आणतो, तो गेटपाशी चिखलात पडलेला असतो, आणि तेच तोंड तसंच्या तसं टाकीत सोडतो. टाकीचं झाकण जमिनीच्या लेव्हलला आहे का, तडकलंय का, पावसाचं पाणी आत जातं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रेनेजचा चेंबर किंवा सेप्टिक टँक किती जवळ आहे ते बघा. फोटो काढा, तारीख दिसेल असे. टाकीत स्वतः उतरू मात्र नका, बंद टाकीत हवा नसते, माणसं दगावतात.

टेस्ट दोन ठिकाणच्या पाण्याची करा

हा सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. एक सॅम्पल बोअरच्या किंवा टँकरच्या तोंडाचं आणि दुसरं आपल्या किचनच्या नळाचं. सोर्सचं चांगलं आणि नळाचं नापास आलं तर दोष टाकीत नाहीतर पाइपात आहे, दोन्ही नापास आले तर सोर्सच खराब आहे. एवढं हातात असलं की ओनर आणि सोसायटी एकमेकांकडे बोट दाखवत बसू शकत नाहीत.

जंतूंच्या टेस्टसाठी बाटली लॅबकडूनच घ्या, ती निर्जंतुक असते. नळ पुसून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा लॅबमध्ये विचारा, नाहीतर मान्यताप्राप्त प्रायव्हेट लॅब बघा.

रिपोर्ट आला की आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडून बघा. ई-कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा जंतू) १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, फ्लोराइड १ च्या आत बरं, १.५ च्या वर नाहीच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा सोर्स नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

रिपोर्ट आल्यावरच मशीन घ्या

जंतू आणि क्षार हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. उकळल्याने जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे ते जास्त घट्ट होतं, म्हणून नायट्रेट जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाला उकळूनही देऊ नका. यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर जंतू मारतो, क्षार तसेच राहतात आणि गढूळ पाण्यात तो नीट कामही करत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, जास्त टीडीएस असेल तर आरओ, म्हणजे पाणी अगदी बारीक पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढणारं मशीन.

आणि ते सेल्समन येतात ना, पाण्यात दोन सळ्या घालून करंट देतात आणि पाणी तपकिरी झालं की "बघा मॅडम किती घाण" म्हणतात, ती घाण त्या लोखंडी सळीचीच असते. क्षार असले की करंट जातो आणि लोखंड सुटतं, एवढंच. टीडीएसचं पेन पण जंतू दाखवत नाही, आकडा ८० आला तरी त्यात ई-कोलाय असू शकतो.

टाकीचं काम ओनर आणि सोसायटीकडून करून घ्या

तोंडी सांगू नका. रिपोर्ट आणि फोटो जोडून ईमेल करा, व्हॉट्सॲपवर पण टाका, ओनर आणि सेक्रेटरी दोघांना. नेमकं मागा: टाकी रिकामी करून धुणे, झाकण बदलणे, चेंबरची गळती काढणे, रोज क्लोरीन. पाणी स्वच्छ असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते, बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि किमान तासभर कोणी वापरायचं नाही. नंतर नळाच्या पाण्यात ओटी (क्लोरीन दाखवणारं द्रावण) टाकून टेस्ट करा, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन पोचतंय.

ऐकलं नाही तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्याची देखरेख करणारा) यांना गाठा, गावाच्या पाण्याला लाल (जास्त धोका), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी) कार्ड मिळालंय तेही विचारा.

काही ओनर तक्रार केली की पाणीच बंद करायची धमकी देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. पण आपल्यातले बहुतेक जण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, तिथे या कलमाचा थेट आधार मिळत नाही, मुख्य आधार ॲग्रीमेंटचाच. म्हणून रिन्यू करताना किंवा नवीन घर घेताना ड्राफ्टमध्ये तीन ओळी घालून घ्या: पाण्याचा सोर्स कोणता, टाकी वर्षातून किती वेळा आणि कोणाच्या खर्चाने धुणार, आणि रिपोर्ट नापास आला व ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर नोटीस पिरियड न भरता, पूर्ण डिपॉझिट घेऊन घर सोडता येईल. ब्रोकर म्हणेल "असं कोणी लिहीत नाही", तरी लिहून घ्या, टोकन द्यायच्या आधी.