नॉरअ‍ॅड वाढवताना या चुका टाळा: प्रेशर आलं, पण केशवाहिन्यांत रक्त पोचलं का?

सेप्टिक शॉकमधला (संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णातला) नेहमीचा पेच. मॉनिटरवर मीन प्रेशर (धमन्यांतला सरासरी रक्तदाब) ६८ मिमी पारा, नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनालिन, धमन्या आवळून रक्तदाब वाढवणारं औषध) चालू, पण लघवी थेंबभर, गुडघ्यांभोवती जांभळट जाळी आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) उतरायचं नाव घेत नाही. अशा वेळी हात आपोआप औषधाच्या पंपाकडे जातो आणि बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

आधी आत काय बिघडलंय ते पाहू. केशवाहिनी जेमतेम एका तांबड्या पेशीएवढी रुंद असते, तिला स्वतःचा स्नायू नसतो. तिच्यात किती रक्त यायचं ते अलीकडची बारीक धमनी ठरवते आणि नॉरअ‍ॅड आवळतं ते त्या धमनीला. सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादात) वाहिन्यांच्या अस्तरावरचा नाजूक थर झडतो, पांढऱ्या पेशी चिकटतात, तांबड्या पेशी ताठर होतात, सूक्ष्म गुठळ्या होतात. परिणामी एका केशवाहिनीत रक्त ठप्प, तर शेजारच्या वाहिनीतून ते इतक्या घाईने जातं की ऑक्सिजन उतरायला वेळच मिळत नाही. म्हणून सेंट्रल लाइनच्या (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीच्या) रक्तात ऑक्सिजन सॅच्युरेशन ७५ टक्के आलं तरी निर्धास्त होऊ नका. पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचलाच नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

आकडा वाढला की प्रवाह वाढला, असं धरून चालणं

मीन ६५ च्या बरंच खाली असेल तर हे बहुतांशी खरं आहे. तिथे नॉरअ‍ॅड हवंच. पण ६५ च्या वर गेल्यावर हिशोब बदलतो. २००९ मधल्या एका छोट्या अभ्यासात २० रुग्णांचं मीन नॉरअ‍ॅडने ६५ वरून ७५ आणि मग ८५ वर नेलं, आणि जिभेखालच्या केशवाहिन्या कॅमेऱ्याने पाहिल्या. सरासरीत सुधारणा दिसली नाही. मात्र प्रत्येक रुग्णाचा प्रतिसाद वेगळा होता. ज्यांच्या केशवाहिन्यांत मुळात प्रवाह कमी होता त्यांच्यात तो सुधारण्याकडे कल होता, ज्यांचा बरा होता त्यांचा बिघडण्याकडे. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं निरीक्षण हेच.

२०१४ च्या सेप्सिसपॅम चाचणीत ७७६ रुग्ण होते. मीन ६५–७० ऐवजी ८०–८५ ठेवून मृत्यू घटले नाहीत, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) मात्र वाढलं. ज्यांना आधीपासून बीपीचा त्रास होता, त्यांच्यापैकी कमी जणांना डायलिसिस लागलं. तेव्हा जुना बीपीचा रुग्ण असेल आणि लघवी होत नसेल, तर तासभर ८०–८५ ठेवून बघायला हरकत नाही. अट एकच: तासाने बोटं, लघवी, लॅक्टेट तपासायचं. फरक नसेल तर डोस पुन्हा खाली आणायचा. ‘बघू’ म्हणून वाढवलेला डोस सकाळच्या राउंडपर्यंत तसाच राहणं, हे मात्र सर्रास घडतं.

कॅपिलरी रिफिल उरकून टाकणं

नखावर क्षणभर दाबून ‘ठीक आहे’ लिहिणं म्हणजे तपासणी नव्हे. अँड्रोमेडा-शॉक चाचणीत वापरलेली पद्धत सोपी आहे: उजव्या तर्जनीच्या टोकाला, आतल्या बाजूने काचेची स्लाइड दाबायची, त्वचा पांढरी झाली की १० सेकंद तशीच धरायची, मग सोडून रंग परत यायला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. ३ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे बिघाड. २०१९ मधल्या या चाचणीत रिफिल पाहून उपचार केलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ टक्के, लॅक्टेटवर चालणाऱ्या गटात ४३.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण दर अर्ध्या तासाने, फुकटात करता येणारी ही तपासणी सोडण्याचं काही कारण नाही. खोली गार असेल तर हात आधी झाकून ऊबदार होऊ द्या.

लॅक्टेट वाढलं की नॉरअ‍ॅड वाढवणं

अ‍ॅड्रेनालिन चालू असेल तर ते स्वतःच लॅक्टेट वाढवतं, स्नायूंतल्या बीटा-२ रिसेप्टरमार्फत. रक्तप्रवाह सुधारत असतानाही आकडा चढू शकतो. यकृत थकलं असेल तरी तो रेंगाळतो. बोटं गरम आणि लघवी चालू असेल, तर एकट्या लॅक्टेटपायी डोस चढवू नका.

ट्रान्सड्यूसर भलत्याच उंचीवर

बेड वर-खाली केला आणि ट्रान्सड्यूसर (धमनीतला दाब मोजणारा सेन्सर) तिथेच राहिला, तर १० सेंटीमीटरच्या फरकाने सुमारे ७.५ मिमी पारा इतकी चूक होते. तो हृदयाच्या खाली असेल तर प्रेशर खोटं जास्त दिसतं, वर असेल तर खोटं कमी, आणि मग विनाकारण नॉरअ‍ॅड वाढतं. डोस बदलण्याआधी लेव्हल (सेन्सरची उंची), झिरो (शून्याची जुळणी) आणि धमनीतल्या लाइनचा आलेख चपटा झालाय का, एवढं पाहायचंच.

सेंट्रल लाइनसाठी थांबणं, किंवा फक्त सलाइन ओतणं

२०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचना सांगतात की चांगल्या, कोपराजवळच्या शिरेतून नॉरअ‍ॅड तात्पुरतं सुरू करता येतं. जागेवर लक्ष ठेवा. सूज किंवा पांढरेपणा दिसला तर लगेच बंद करून दुसरीकडून द्या. उलट, नुसतं सलाइन ओतत राहिल्याने सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढतं. केशवाहिनीच्या पलीकडे दाब वाढला की रक्ताला पुढे जायला वाव उरत नाही. मीन ६५ आणि सीव्हीपी १८ असलेल्या मूत्रपिंडाची अवस्था मीन ६५ आणि सीव्हीपी ६ असलेल्यापेक्षा फार वेगळी असते.

डोपामिन या रक्तदाब वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाबद्दल एवढंच: ‘किडनी डोस’ (मूत्रपिंडासाठी म्हणून दिलेला कमी डोस) नावाचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि अनियमित ठोके वाढतात. व्हॅसोप्रेसिन (धमन्या आवळणारं आणखी एक औषध) ०.०३ युनिट प्रति मिनिट स्थिर ठेवतात, नॉरअ‍ॅडसारखं वर-खाली करत नाहीत, नॉरअ‍ॅड प्रति किलो प्रति मिनिट ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात गेलं की ते जोडायचा विचार होतो. बोटांची टोकं काळवंडू लागली तर पुढचं औषध जोडण्याआधी हृदयाचा इको बघा, कारण हृदयच कमजोर असेल तर धमन्या आवळून त्याच्यावरचा भार वाढतो.

डोस उतरवायला विसरणं

मीन ७८ वर स्थिरावलं आणि बोटं गरम असली, तर नॉरअ‍ॅड थोडं थोडं कमी करत जा, प्रत्येक पायरीनंतर रिफिल पाहा. सिरिंज बदलताना दुसरा पंप आधीच चालू ठेवा. या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो आणि तेवढ्यात प्रेशर कोसळतं. कमी करताना पुन्हा पुन्हा खाली येत असेल तर संसर्गाचा स्रोत अजून आत आहे का, निचरा न झालेला पू कुठे आहे का, ते शोधा.