टार्निश हे क्रियापद कुठं वापरायचं आणि कुठं नाही
टार्निश म्हणजे धातूची चकाकी जाणं. चांदीचे पैंजण कपाटात नुसते पडून काळे पडतात ना, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, तेच हे. लोखंडाला मात्र रस्ट म्हणायचं.

कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं, म्हणजे 'द सिल्व्हर टार्निश्ड' हे आपोआप झालं आणि 'द स्कॅम टार्निश्ड हिज इमेज' यात स्कॅमने वाट लावली. पेपरात हा दुसराच जास्त दिसतो, पुढे इमेज, रेप्युटेशन नाहीतर लेगसी ठरलेलं. शर्टावर चहा सांडला तर स्टेन, उगाच टार्निश घुसवू नका.

मूळ फ्रेंच तेर्निर, म्हणजे निस्तेज करणं, त्यामुळे एखाद्याचं नाव पार धुळीला मिळालं असेल तर हा शब्द जरा मवाळच वाटतो, तिथं सरळ रुइन वापरा.