क्वार्टरबॅकवर दबाव येतो तेव्हा पंचाने काय पाहावे

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकण्याच्या क्षणी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमक संघाचा चेंडू फेकणारा, हा मैदानावरचा सर्वांत उघडा पडलेला खेळाडू असतो. त्याची नजर वीस-तीस यार्डांवरच्या सहकाऱ्यावर खिळलेली असते, पुढचा पाय मातीत रोवलेला असतो, फेकणारा हात डोक्याच्या वर गेलेला असतो आणि त्या बाजूच्या बरगड्यांना कसलाच आडोसा नसतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरून येणारा माणूस दिसतो, त्यामुळे तो अंग चोरू शकतो किंवा खांदा पुढे करू शकतो. फेकणाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही. म्हणूनच एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या, नियमावलीने त्याला इतर खेळाडूंना नसलेले संरक्षण दिले आहे, आणि त्या संरक्षणाचा भंग म्हणजे ‘रफिंग द पासर’ हा फाउल होय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन मुंबईतच भरले होते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (यात खेळाडूला पाडत नाहीत, त्याच्या कमरेची पट्टी, म्हणजे फ्लॅग, ओढतात) खेळवण्याचा निर्णय त्याच अधिवेशनात झाला. या शहरातील मैदानांवर शिट्टी घेऊन उभे राहू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. सोमवारी भल्या पहाटे अमेरिकेतला सामना पाहून, मग लोकलमध्ये ‘यात फाउल कुठे होता?’ म्हणून तावातावाने भांडणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. विवेचन मुख्यतः एनएफएलच्या नियमांना धरून केले आहे, कारण टॅकलच्या, म्हणजे खेळाडूला धरून पाडण्याच्या, खेळातच हे प्रश्न सर्वांत कठीण होतात. फ्लॅग फुटबॉलमधील फरक पुढे सांगितले आहेत.

सुरुवात उभे राहण्याच्या जागेपासून करावी. एनएफएलमध्ये सात पंच असतात. त्यांतील पांढऱ्या टोपीचा रेफरी क्वार्टरबॅकच्या मागे दहा-बारा यार्डांवर, त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभा राहतो. आपल्याकडे तीन-चारच पंच असले तरी ही जागा रिकामी ठेवू नये. चेंडू खेळात येण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी नोंदवून ठेवाव्यात. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतो की डाव्या, ही पहिली. आणि क्वार्टरबॅकसमोरच्या ओळीतले दोन्ही टोकांचे खेळाडू (त्यांनाही ‘टॅकल’च म्हणतात) नेमके कुठे उभे आहेत, ही दुसरी, कारण त्या दोघांच्या बाहेरच्या कडांमधला पट्टा म्हणजे ‘पॉकेट’, आणि पुढे अनेक निर्णय क्वार्टरबॅक पॉकेटच्या आत होता की बाहेर, यावरच ठरतात.

यानंतरची सवय अंगी बाणवायला वेळ लागतो, आणि माझ्या मते पंचगिरीतला हाच सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. चेंडू हातातून सुटला की आपली मान त्याच्यामागे वळू देऊ नये. मैदानावरची प्रत्येक नजर त्या चेंडूमागे जाते. बाकीचे पंचही तिकडे पाहण्यासाठीच नेमलेले असतात. क्रिकेटचा पंच जसा गोलंदाजाचा पाय आधी पाहतो आणि मगच समोर नजर टाकतो, तसा येथे क्रम ठरलेला असावा: चेंडू सुटला, फेकणाऱ्याचे हात खाली आले, त्याच्या आसपासचे सर्व जण थांबले, आणि त्यानंतरच दूर पाहावे. चेंडू कोणी झेलला हे आपल्याला शेवटी कळले तरी काही बिघडत नाही.

आता पहिला प्रश्न वेळेचा. चेंडू हातातून सुटेपर्यंत क्वार्टरबॅकला नियमात राहून पाडता येते. सुटल्यानंतर अंगावर येणाऱ्या बचावपटूला एका पावलाची मुभा आहे: त्याचे दुसरे पाऊल जमिनीला लागण्यापूर्वी धडक झाली तर ती वेळेच्या दृष्टीने वैध ठरते, त्यानंतर मात्र त्याने धडक टाळण्याचा प्रयत्न करताना दिसले पाहिजे आणि क्वार्टरबॅकला रेटत पुढे नेता कामा नये. चेंडू कुठे आहे याचे भान ठेवणे ही बचावपटूची जबाबदारी आहे; ‘मला दिसलेच नाही’ हे उत्तर नियमात बसत नाही. हे ओळखण्याचा सराव सामन्याबाहेर करावा. एका खेळाडूला चेंडू फेकायला सांगावे, दुसऱ्याने वेगवेगळ्या अंतरांवरून धावत येऊन त्याच्या बाजूने निघून जावे, आणि आपण चेंडू सुटताच ‘गेला’ व त्यापुढच्या प्रत्येक पावलाला ‘एक’, ‘दोन’ असे मोठ्याने म्हणावे. पहिल्या दिवशी शब्द पावलाच्या मागे पडतो. थोड्या सरावाने पाऊल न पाहताही ताल कानाला कळू लागतो. जुलैत शिवाजी पार्कच्या चिखलात हाच सराव पुन्हा करून पाहावा, कारण ओल्या मातीत थांबू पाहणारा खेळाडू हातभर घसरतो आणि रेटत नेणारा खेळाडूही तसाच पुढे जातो. तेथे फरक पायांपेक्षा खांद्यांत दिसतो: थांबू पाहणाऱ्याचे खांदे मागे झुकतात आणि हात उघडतात, तर रेटणाऱ्याचे खांदे पुढेच राहतात.

दुसरा प्रश्न धडक कुठे बसली याचा. डोक्यावर किंवा मानेवर जोराचा आघात झाला तर फाउल, मग पहिला स्पर्श छातीला होऊन हेल्मेट वर सरकलेले असले तरीही. बचावपटूने स्वतःचे डोके खाली घालून हेल्मेटने धडक दिली तर ती क्वार्टरबॅकच्या अंगावर कुठेही बसली तरी फाउलच. खालच्या बाजूला गुडघा किंवा त्याखाली जोराने आदळणेही निषिद्ध आहे, आणि या नियमामागे ओळखीच्या दुखापती आहेत. जानेवारी २००६ मधील प्लेऑफ सामन्यात सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक कार्सन पामर याचा गुडघा असाच गेला; सप्टेंबर २००८ मध्ये, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, जमिनीवर पडलेल्या बचावपटूने झेप घेतल्यामुळे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा दुखावला आणि त्याचा संपूर्ण हंगाम वाया गेला. त्यानंतर २००९ पासून जमिनीवरून उसळी मारून क्वार्टरबॅकच्या पायांवर येणे स्पष्ट शब्दांत बंद झाले. मात्र पायांना हाताने विळखा घालून किंवा पोटरी पकडून त्याला पाडणे वैध आहे, आणि विरोधी ब्लॉकरने (वाट अडवणाऱ्या खेळाडूने) ढकलल्यामुळे बचावपटू त्याच्या पायांवर जाऊन पडला व त्याला टाळण्याची संधीच नव्हती, तर तोही फाउल नाही. म्हणून गुडघ्यावर धडक दिसताच फ्लॅग, म्हणजे फाउल दाखवणारे पिवळे कापड, काढण्याआधी बचावपटूच्या पाठीवर कोणाचा हात होता का, हे आठवावे.

तिसरा प्रश्न जमिनीवर पडण्याचा, आणि सर्वाधिक वाद येथेच होतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्वार्टरबॅक आरोन रॉजर्स टॅकलखाली खांद्यावर आदळला आणि त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. पुढच्या हंगामापासून, बचावपटूने आपले सर्व किंवा बहुतांश वजन क्वार्टरबॅकवर टाकून पडू नये, या कलमाची अंमलबजावणी कडक झाली. त्याच हंगामात मायामीचा बचावपटू विल्यम हेज क्वार्टरबॅकवर वजन पडू नये म्हणून अंग वळवताना स्वतःचाच गुडघा दुखावून बसला. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅन्सस सिटीच्या क्रिस जोन्सने क्वार्टरबॅक डेरेक कारच्या हातून चेंडू काढून घेतला, तो कारच्या अंगावर पडला आणि फ्लॅग निघाला. चेंडू हातातून गेला तरी फेकण्याच्या पवित्र्यातल्या खेळाडूचे संरक्षण लगेच संपत नाही, असे स्पष्टीकरण रेफरीने नंतर दिले. या नियमावर टीका होते आणि तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण सव्वाशे किलोच्या धावत्या माणसाला हवेत दिशा बदलायला सांगणे सोपे नाही. तरीही उपाय नियम सैल करण्यात नसून बचावपटूंना टॅकल वेगळ्या रीतीने शिकवण्यात आहे, अशी माझी ठाम धारणा आहे. पंचाने पाहायचे ते हे: पडताना बचावपटूचा एखादा हात जमिनीकडे गेला का, त्याने कूस बदलली का, छातीवर छाती अशा स्थितीत तो थांबला की घरंगळत बाजूला गेला. दोन्ही हात क्वार्टरबॅकभोवती आवळून, त्याला उचलून खाली आपटणे मात्र कोणत्याही सबबीने माफ होत नाही.

शंका असेल तर काय करावे, याचे उत्तर नियमावलीतच आहे: क्वार्टरबॅकवरील धोकादायक कृतीविषयी शंका असल्यास रेफरीने फाउल द्यावा. मे महिन्यात दगडासारख्या टणक झालेल्या आपल्या मैदानांवर हा सल्ला विशेष लक्षात ठेवावा. अर्थात, शंका म्हणजे पाहिलेल्या गोष्टीविषयीची शंका. जी धडक आपण पाहिलीच नाही, तिच्यासाठी केवळ बाकावरचा आरडाओरडा ऐकून फ्लॅग टाकू नये.

फाउल दिल्यास शिक्षा पंधरा यार्डांची असते आणि आक्रमक संघाला आपोआप पहिला डाउन मिळतो, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्याचे चार प्रयत्न (डाउन) नव्याने सुरू होतात. पास झेलला गेला असेल आणि पुढे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला नसेल, तर हे पंधरा यार्ड खेळ जिथे संपला त्या जागेपासून पुढे मोजतात.

शिट्टी वेळेवर वाजवणे हेही संरक्षणच आहे. क्वार्टरबॅक स्क्रिमेज रेषेच्या (जिथून चेंडू खेळात येतो त्या रेषेच्या) मागे एखाद्याच्या पकडीत पूर्णपणे अडकला असेल आणि दुसरा बचावपटू धावत येत असेल, तर तो जमिनीवर पडण्याची वाट न पाहता खेळ थांबवावा. क्वार्टरबॅकने पाय पुढे करून घसरण घेतली तर हातपाय सोडून शरीराचा पहिला भाग जमिनीला लागतो तिथेच चेंडू मृत होतो, म्हणजे खेळ थांबतो. आधीच झेपावलेल्या बचावपटूला काही प्रमाणात सूट मिळते, पण डोक्याला कोपर किंवा हेल्मेट लावल्यास ती मिळत नाही. क्वार्टरबॅक पॉकेटबाहेर जाऊन पळता पळता चेंडू फेकत असेल तर एका पावलाचा नियम आणि पायांवरील धडकेचे विशेष संरक्षण तो गमावतो. डोक्याचे संरक्षण त्याला तेव्हाही असते. बाहेर जाऊन तो पुन्हा स्थिर उभा राहिला आणि फेकण्याच्या पवित्र्यात आला, तर सर्व संरक्षण परत लागू होते.

इतके संरक्षण मिळालेल्या खेळाडूवर एक बंधनही आहे. सॅक, म्हणजे रेषेमागे चेंडूसह पाडले जाणे, टाळण्यासाठी, झेलला जाण्याची वास्तव शक्यता नसलेला पास फेकणे म्हणजे ‘इंटेन्शनल ग्राउंडिंग’. तो पॉकेटबाहेर असेल आणि चेंडू स्क्रिमेज रेषेपर्यंत किंवा तिच्यापुढे पडला असेल तर फाउल नाही. घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू हाती येताच लगेच जमिनीवर आपटल्यासही नाही. बचावपटूच्या स्पर्शामुळे फेक बिघडली असल्यासही नाही. शिक्षा उदाहरणाने समजून घेऊ. दुसरा डाउन, आठ यार्ड हवे आहेत, चेंडू स्वतःच्या गोल रेषेपासून तीस यार्डांवर आहे. क्वार्टरबॅकने चोविसाव्या यार्डावरून चेंडू फेकून दिला, तर दहा यार्ड मागे जाऊन विसाव्या यार्डावर तिसरा डाउन, अठरा हवेत. त्याने तोच चेंडू सोळाव्या यार्डावरून फेकला असता तर जागा दहा यार्डांहून मागे असल्यामुळे तिसरा डाउन सोळावरच, बावीस हवेत. फेक स्वतःच्या एंड झोनमधून (गोल रेषेमागच्या पट्ट्यातून) झाली असेल तर सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोन गुण. आता येथे एक अडचण उभी राहते: आपण क्वार्टरबॅककडे पाहत होतो, तेव्हा चेंडू कुठे पडला आणि तिथे कोणी होते का, हे आपल्याला माहीतच नसते. म्हणून कडेच्या पंचांना जवळ बोलावून दोन प्रश्न विचारावेत, चेंडू रेषेपर्यंत पोहोचला का आणि जवळ पास झेलण्यास पात्र खेळाडू होता का, आणि मगच फ्लॅग टाकावा. येथे उशिरा पडलेला फ्लॅग हा गोंधळाचा नव्हे, तर योग्य पद्धतीचा परिणाम असतो, हे प्रेक्षकांनीही ध्यानात घ्यावे.

फंबल (हातातून निसटलेला, कोणीही ताब्यात घेऊ शकेल असा चेंडू) आणि अपूर्ण पास यांतला भेद थोडक्यात: हात पुढे येऊ लागल्यावर चेंडू निसटला तर पास, त्यापूर्वी निसटला तर फंबल. हात मागे छातीशी नेतानाही पास मानणारा ‘टक रूल’ २०१३ मध्ये रद्द झाला. जुने सामने पाहताना तेवढे लक्षात ठेवावे.

फ्लॅग फुटबॉलमध्ये पाच-पाच खेळाडू असतात आणि रश करणारा, म्हणजे फेकणाऱ्यावर धावून जाणारा बचावपटू, स्क्रिमेज रेषेपासून सात यार्डांवरून सुटतो. चेंडू अडवण्यासाठी त्याला उडी मारता येते, पण फेकणाऱ्याच्या हाताला किंवा अंगाला धडकता येत नाही, आधी चेंडूला हात लागला असला तरीही नाही. पंचाची नजर येथे कमरेच्या फ्लॅगवर आणि फेकणाऱ्या मनगटावर, दोन्हीकडे हवी. चेंडू जमिनीवर पडला की मृत, त्यामुळे फंबलसाठीची झटापट उद्भवत नाही.

खेळाडू पडल्यावर उठताना कसा उठतो, हे शिट्टीनंतर पाहावे. २५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीचा क्वार्टरबॅक तुआ तागोवायलोआ डोके आपटल्यावर उठून चालताना लडखडला आणि तरीही त्याच सामन्यात परत खेळला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, तोल जाण्याचे लक्षण दिसल्यास खेळाडूला त्या सामन्यात परत उतरवू नये, असा बदल एनएफएलने आपल्या नियमात केला. आपल्या सामन्यांत डॉक्टर नसला तर हा निर्णय पंचाने घ्यावा: जो लडखडला, ज्याला गुण किंवा डाउन सांगता आला नाही, तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, मग प्रशिक्षकाने कितीही आग्रह धरला तरी. मान दुखत असल्यास किंवा हातापायांना मुंग्या येत असल्यास खेळाडूला हलवू नये आणि हेल्मेट ओढून काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिला मैदानाच्या नेमक्या कोणत्या फाटकाशी यायचे आहे आणि तिथे कोण उभे राहणार आहे, हे नाणेफेकीपूर्वीच ठरवून दोन्ही संघांना सांगून ठेवावे.