कढई, सोऱ्या आणि आठ आकडे : कस्टम्सच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्यात कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या हातात लवकरच एखादी स्वयंपाकघराच्या सामानाची इनव्हॉइस पडते. कढया, डबे, चमचे, किसण्या. पाहणाऱ्याला वाटतं, यात कसलं आलंय क्लासिफिकेशन, म्हणजे मालाचा कोड ठरवणं! मी एमएसयूमधून (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून) बीकॉम करून या कामात आले. आमच्याकडे केमिकलचा माल भरपूर असतो, तरी मी आजही भांड्यांच्या कन्साइनमेंटला जास्त वेळ देते. केमिकलला सीएएस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) असतो, टेस्ट रिपोर्ट असतो. भांड्याला बहुतेक वेळा नुसतं नाव असतं, आणि तेही पाठवणाऱ्याने त्याच्या सोयीने दिलेलं.

कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट, १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात प्रत्येक मालाला आठ आकडी कोड आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे (हीच हार्मोनाइज्ड सिस्टीम), शेवटचे दोन आपल्या देशाचे. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण किंवा चॅप्टर, पहिले चार म्हणजे हेडिंग, आणि चॅप्टरांचा गट म्हणजे सेक्शन. खाली मी चार आकडी हेडिंगच देते. मात्र ‘स्वयंपाकघर’ नावाचं प्रकरण त्यात शोधू नका, ते नाही. घरात एका मांडणीवर शेजारी बसणाऱ्या वस्तू तिथे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात. प्लास्टिकचा डबा ३९२४, लाकडी पळी ४४१९, बोनचायनाचा कप ६९११, साधा सिरॅमिकचा मग ६९१२, काचेचा ग्लास ७०१३, लोखंड-स्टीलची कढई ७३२३, तांब्याचा तांब्या ७४१८, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ७६१५. सुरी ८२११ मध्ये, स्टीलचा चमचा ८२१५ मध्ये. मिक्सर ८५०९, विजेची किटली ८५१६. किटलीचं अंग स्टीलचं आहे म्हणून ती ७३ मध्ये नेता येत नाही, कारण सेक्शन १५ ची पहिलीच नोट विजेची उपकरणं बाहेर काढते. सिलिकॉनचा स्पॅच्युला हाताला रबरासारखा लागतो, पण जातो प्लास्टिकबरोबर.

हे सगळं पाठ करत बसू नका. वस्तू हातात घ्या, निदान तिचा नीट फोटो आणि कॅटलॉग मागवा, आणि तीन गोष्टी विचारा : कशाची आहे, कशी चालते, कशी विकली जाणार आहे. टॅरिफ त्यानंतर उघडा. मी हे आग्रहाने सांगते, कारण नवी मुलं आधी सर्चमध्ये नाव टाकतात आणि जो कोड वर दिसेल तो चेकलिस्टवर (आयातीच्या घोषणापत्राच्या मसुद्यावर) उतरवतात.

‘कशाची आहे’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. स्टेनलेस स्टील म्हणजे काय, हे चॅप्टर ७२ च्या नोटमध्ये लिहिलंय : वजनाने १.२ टक्के किंवा त्याहून कमी कार्बन आणि १०.५ टक्के किंवा त्याहून जास्त क्रोमियम. पार्टी, म्हणजे माल मागवणारं आपलं गिऱ्हाईक, गोडाऊनमध्ये चुंबक लावून दाखवते, “ताई, चिकटतंय, म्हणजे हे स्टेनलेस नाही.” ही कसोटी चालत नाही. ४३० ग्रेडला चुंबक चिकटतं, तरी ते स्टेनलेसच असतं. इंडक्शनवर चालावीत म्हणून अनेक भांड्यांच्या बुडाला मुद्दाम असंच स्टील वापरतात. मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूतल्या घटकांचा कारखान्याचा दाखला) मागा. नसेल तर माल तपासून घेऊन मगच कोड लिहा.

ट्राय-प्लायची, म्हणजे धातूंच्या तीन थरांची, कढई आली की सेक्शन १५ ची सातवी नोट काढा. वेगवेगळ्या धातूंची वस्तू, ज्या धातूचं वजन जास्त त्याची. डोळ्यांना मधला अ‍ॅल्युमिनियमचा थर जाड दिसतो, पण अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि स्टीलची सुमारे ७.८. पातळ दिसणारं स्टीलच अनेकदा वजनात भरतं. पुरवठादाराकडून थरांची जाडी लिहून घ्या, हिशेब पाच मिनिटांत होतो.

‘कशी चालते’ हा प्रश्न मी शिकाऊ मुलांना सोऱ्यावरून शिकवते, कारण दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात तो मिळतो. परदेशातून येणारे कुकी प्रेस त्याच जातीचे. ८२१० हे हेडिंग अन्न तयार करायच्या किंवा वाढायच्या, हाताने चालणाऱ्या, १० किलोपर्यंतच्या यांत्रिक उपकरणांचं आहे. आता यांत्रिक कशाला म्हणायचं? हार्मोनाइज्ड सिस्टीमच्या एक्सप्लनेटरी नोट्स (अधिकृत स्पष्टीकरणं) सांगतात : फिरवायची मूठ, दातेरी चाकं, मळसूत्र असं काही असेल तर यांत्रिक. नुसती तरफ किंवा नुसता दट्ट्या असेल तर नाही. मात्र ते उपकरण भिंतीला बसवायचं किंवा तळपट्टीवर उभं राहणारं असेल, तर नुसती तरफ किंवा दट्ट्याही चालतो. म्हणजे चकलीचा मूठ फिरवायचा पितळी सोऱ्या ८२१० मध्ये जातो, आणि वरून दट्ट्या दाबायचा सोऱ्या तिथे जात नाही. चकली दोन्हीतून सारखीच पडते! पुरणयंत्राला फिरवायची मूठ आहे, ते ८२१० मध्ये. साधी किसणी यांत्रिक नाही, ती घरगुती हत्यारांबरोबर ८२०५ मध्ये. आणि सगळा सोऱ्या प्लास्टिकचा असेल, तर चॅप्टर ८२ ची पहिली नोट त्याला दारातच अडवते, कारण काम करणारा भाग धातूचा वगैरे हवा. मग त्याने परत ३९२४ कडे जावं.

हा एवढा भाग समजला की चॅप्टर नोट आधी का वाचायची, ते वेगळं सांगावं लागत नाही.

बाटल्यांचंही तसंच. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली दिसली की दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी आहे का, ते विचारा. असेल तर ९६१७. नुसती हवा किंवा फोम असेल तर ती निर्वात भांडं ठरत नाही, आणि कोड पुन्हा साहित्यावरून शोधावा लागतो.

‘कशी विकली जाणार’ हा प्रश्न सेटसाठी. वेगवेगळ्या हेडिंगच्या निदान दोन वस्तू, एकाच गरजेसाठी किंवा कामासाठी एकत्र ठेवलेल्या, आणि पुन्हा पॅकिंग न करता गिऱ्हाइकाला देता येतील अशा; तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच टॅरिफचा अर्थ लावायच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम ३(ब) लागतो, आणि जी वस्तू सेटला खरं रूप देते तिचा कोड सगळ्यांना. लाकडी फळी आणि चीज कापायच्या सुऱ्या हा सेट होतो. दिवाळीला कंपन्या वाटतात तो डबा, म्हणजे बाटली, पेन आणि डायरी, छान दिसत असला तरी सेट नव्हे. तिन्ही वेगळे लिहा.

कोड बदलला की पैसे बदलतात. २०२० च्या बजेटमध्ये चिनीमाती, स्टील आणि तांब्याच्या भांड्यांवरची बेसिक ड्यूटी १० वरून २० टक्के झाली. १०० रुपयांच्या मालावर २० ड्यूटी, त्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे २, आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो तो या १२२ वर. पैशांपलीकडेही बघायचं असतं. चीनहून येणाऱ्या सिरॅमिक टेबलवेअरवर २०१८ मध्ये अँटी-डंपिंग ड्यूटी (अवाजवी स्वस्तात पाठवलेल्या मालावरची जादा ड्यूटी) बसली होती. तुमच्या मालावर आज असं काही लागू आहे का, ते दर वेळी तपासा. १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं, प्रेशर कुकरसाठी २०२० चा वेगळा आदेश आहे. परदेशातल्या कारखान्याकडे बीआयएसचं (हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचं) लायसन्स नसेल तर माल अडकतो. म्हणून हा प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारायचा असतो. कंटेनर बडोद्याजवळ दशरथच्या आयसीडीत (कंटेनर डेपोत) उतरल्यावर त्याचा उपयोग नाही.

२०२० पासून असेसमेंट फेसलेस आहे. तुमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, दुसऱ्याच शहरातला अधिकारी उघडतो. नमुना घेऊन त्याच्या टेबलाशी उभं राहता येत नाही. त्याच्यापुढे असतं ते तुम्ही लिहिलेलं वर्णन. ‘किचन आयटम’ लिहिलंत की क्वेरी आलीच समजा. “भाज्या चिरायचं हाताने चालणारं यंत्र, दोरी ओढून फिरणारी स्टीलची पाती, प्लास्टिकचं भांडं, वजन अमुक” असं लिहिलंत तर तुमचा विचार त्याला दिसतो. कस्टम्स कायद्याच्या कलम १७ खाली असेसमेंट आयातदार स्वतः करतो, आणि कलम २८ खाली कमी भरलेली ड्यूटी दोन वर्षांपर्यंत मागता येते, जाणूनबुजून चुकीचं सांगितलं असेल तर पाच वर्षांपर्यंत. स्वस्त पडतो म्हणून कोड बदलून मागणारी पार्टी भेटेल. तिला नम्रपणे नाही म्हणा, आणि तुमचं कारण ईमेलवर लिहून ठेवा. खरंच दोन बाजू असतील तर अ‍ॅडव्हान्स रुलिंगचा, म्हणजे आयातीआधीच अधिकृत निर्णय मागायचा, रस्ता आहे.

याच कामात पुढे राहायचं असेल तर ब्रोकर लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास लवकर धरा. ती नासिन (कस्टम्सची राष्ट्रीय प्रशिक्षण अकादमी) घेते. तोवर स्वतःची वही करा : वस्तू, फोटो, कोड, आणि कुठल्या नोटवरून तो काढला. फेब्रुवारीत बजेट झालं की वहीतले दर पुन्हा पडताळा. १ जानेवारी २०२८ पासून हार्मोनाइज्ड सिस्टीमची नवी आवृत्ती लागू होणार आहे, तेव्हा काही कोड हलतील. ज्या नोंदीपुढे कारण लिहिलेलं असेल, ती तेव्हा चटकन दुरुस्त करता येईल.