पक्षीनिरीक्षणाची नोंदवही कशी ठेवावी

नोंदवहीत पक्ष्याचे नाव सर्वांत शेवटी यावे. अनोळखी पक्षी दिसताच अनेकांचा हात आधी सचित्र मार्गदर्शिकेकडे जातो, आणि एकदा पुस्तकातले चित्र नजरेत भरले की पुढे पक्ष्यातही नेमकी त्या चित्रातलीच लक्षणे दिसू लागतात. डोळ्यावरचा पट्टा खरोखर पाहिला की तो असायला हवा म्हणून लिहिला, हे मग लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून जे पाहिले ते आणि त्यावरून जे ठरवले ते, या दोन गोष्टी वहीत वेगळ्या राहतील अशी शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

वही खिशात मावणारी, कडक पुठ्ठ्याची आणि शिवलेल्या बांधणीची असावी. लिहिण्यासाठी पेन्सिल उत्तम, कारण ओल्या कागदावर बॉलपेन नीट उमटत नाही आणि जेलपेनची शाई पसरते. डावे पान रेखाटनासाठी मोकळे सोडून उजव्या पानावर मजकूर लिहावा. दुर्बीण डोळ्यांना लावलेली असताना मोबाइलवर बोलून टिपण ठेवायला हरकत नाही, मात्र ते त्याच दिवशी कागदावर उतरवावे.

पहिला पक्षी लिहिण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर दिनांक, ठिकाण, सुरुवातीची वेळ, हवामान आणि बरोबरच्या निरीक्षकांची संख्या लिहावी. महिना अक्षरांत लिहावा. 4-5 म्हणजे 4 मे की 5 एप्रिल, हा प्रश्न वही दुसऱ्या कोणाच्या हाती गेल्यावर सुटत नाही. ढगांसाठी आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकलेले आहेत ते लिहिण्याची हवामानशास्त्रातली रीत सोपी आणि पुरेशी आहे. फेरी संपल्याची वेळ व चाललेले अंतर परतण्यापूर्वीच नोंदवावे.

हा तपशील रुक्ष वाटतो, पण नोंदीचे आयुष्य त्यावरच ठरते. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल हे 1908 पासून बर्कले येथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचे संचालक होते, आणि ठिकाण, वेळ, अधिवास व वर्तन यांची रोजच्या रोज सविस्तर नोंद करण्याची कडक पद्धत त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना घालून दिली. जवळजवळ शंभर वर्षांनी संशोधक त्याच ठिकाणी पुन्हा गेले, तेव्हा कॅलिफोर्नियातील कोणत्या प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे क्षेत्र बदलले याची तुलना त्यांना या वह्यांच्या आधारे करता आली. दोन तास फिरूनही एखादा पक्षी दिसला नाही, ही माहिती असते. किती फिरलो हेच ठाऊक नसेल तर त्या न दिसण्याला काही अर्थ उरत नाही. 2002 साली सुरू झालेल्या, पक्ष्यांच्या नोंदी ऑनलाइन जमा करणाऱ्या ई-बर्ड या उपक्रमातही यादी भरताना वेळ, अंतर आणि निरीक्षकांची संख्या विचारली जाते, तसेच ओळखता आलेले सर्व पक्षी यादीत घेतले आहेत का, हेही विचारले जाते. तेव्हा रोजचेच म्हणून कावळे आणि पारवे गाळू नयेत.

खरी कसोटी अनोळखी पक्ष्याचे वर्णन लिहिताना लागते. पक्षी समोर आहे तोवर पाहत राहावे आणि तो उडून जाताच, कोणाशी चर्चा करण्याआधी, लिहायला घ्यावे. आकारमान ओळखीच्या पक्ष्याच्या मापाने सांगावे: चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान. सेंटिमीटरमधला अंदाज दुर्बिणीतून सहसा चुकतो. त्यानंतर शरीराची ठेवण, डोक्याच्या तुलनेत चोचीची लांबी आणि शेपटीचे प्रमाण लिहावे, आणि रंगांकडे सगळ्यात शेवटी वळावे, कारण प्रकाश बदलला की सर्वांत आधी रंगच फसवतात. एखाद्या लहान पक्ष्याची नोंद साधारण अशी व्हावी:

“07.10. झुडपाच्या आतल्या भागात, जमिनीपासून सुमारे 1 मीटर. चिमणीपेक्षा लहान, सडपातळ. चोच बारीक, टोकदार, डोक्याच्या निम्म्याहून आखूड. वरची बाजू हिरवट राखाडी, खालची मळकट पांढरी. डोळ्यावरून मागे गेलेला फिकट पट्टा. पंखावर एक फिकट आडवी रेघ. दुसरी होती का, खात्री नाही. पाय दिसले नाहीत. शेपटी वारंवार खाली झटकत होता. उजेड पक्ष्याच्या मागून. अर्धा मिनिट दिसला.”

या नोंदीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्या रेघेविषयीचे वाक्य. वटवट्यांच्या (वॉर्बलर, म्हणजे झाडाझुडपांत वावरणारे लहान कीटकभक्षी पक्षी) काही जातींत पंखावरच्या रेघांची संख्या ओळखीसाठी महत्त्वाची ठरते, त्यामुळे तिथे ‘एकच रेघ’ असे ठामपणे लिहिले असते तर पुढचा विचार चुकीच्या वाटेने गेला असता. वर्णन संपले की खाली आडवी रेघ ओढावी आणि त्याखाली ‘बहुधा पर्णवटवट्या, जात निश्चित नाही’ असे अनुमान लिहावे. डाव्या पानावर शरीरासाठी एक मोठा आणि डोक्यासाठी एक लहान अंडाकार काढून पट्टे व रेघा बाणांनी दाखवल्या, तर चित्रकला न येणाऱ्यालाही पुरेसे रेखाटन जमते.

आवाज देवनागरीत जसा ऐकू आला तसा लिहावा. ‘ट्सि-लिप’ किंवा ‘चक्-चक्’ एवढेच लिहून थांबू नये. सूर कुठे चढला, कुठे उतरला, किती वेळा आवर्तन झाले आणि मध्ये किती खंड होता, हेही लिहावे. सूर दाखवायला अक्षरांवर चढती-उतरती रेघ काढली तरी चालते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सेलबोर्न गावचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन वटवटे वेगळे ओळखले, त्यात त्यांच्या गाण्यांतील फरकाचा मोठा वाटा होता. त्या काळी दुर्बिणीची आजच्यासारखी सोय नव्हती, हे लक्षात घेतले की कानाचे महत्त्व पटते.

वर्तनाच्या बाबतीत ‘खात होता’ किंवा ‘मासा पकडला’ असे लिहून फारसे हाती लागत नाही. खंड्या मासा फांदीवर आपटतो आणि स्वतः गिळताना तो डोक्याकडून गिळतो; पण माशाचे डोके चोचीबाहेर पुढच्या बाजूला धरून तो उडाला, तर तो मासा बहुधा जोडीदाराला किंवा पिल्लांना भरवण्यासाठी असतो. मासा कसा धरला होता आणि खंड्या कोणत्या दिशेने गेला, एवढे दोन शब्द लिहिले तर विणीविषयीची नोंद हाती येते. चोचीत विष्ठेची पांढरी पिशवी घेऊन जाणारा लहान पक्षीही जवळच्या घरट्यात पिल्ले असल्याचे सांगून जातो.

संख्या लिहिताना ‘पुष्कळ’ हा शब्द वापरू नये. मोठ्या थव्यात आधी 50 पक्षी नीट मोजावेत, त्यांनी किती जागा व्यापली ते पाहावे आणि त्या मापाने सगळा थवा मोजावा. असे दोनदा करून ‘सुमारे 600, गटांनी मोजले’ असे लिहावे, म्हणजे आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा, हे वाचणाऱ्याला कळते.

कच्च्या टिपणांवरून पक्की नोंद त्याच संध्याकाळी करावी. मागाहून आठवलेला तपशील ‘नंतर आठवले’ असे लिहूनच जोडावा, आणि ओळख बदलली तर जुने नाव खोडरबराने न पुसता त्यावर एकच रेघ मारून नवे नाव तारखेसह लिहावे. पक्षी धोक्याची हाक देऊ लागला तर घरट्यापाशी थांबून लिहू नये, दूर जाऊन लिहावे. आणि घरट्याची नेमकी जागा आपल्या वहीतच ठेवावी, ती इतरांत पसरवू नये. वहीच्या शेवटच्या काही पानांवर जातीनुसार सूची करून प्रत्येक नावापुढे पानांचे क्रमांक लिहीत गेले, तर एकाच पक्ष्याच्या वेगवेगळ्या हंगामांतील नोंदी मिनिटभरात शेजारी ठेवून पाहता येतात.