शंभर जीबीचं लग्न पंधरा मिनिटांत: दोन कॉम्प्युटर, एक केबल

आर्णी-दारव्ह्याकडे लग्नसराईत स्टुडिओवाल्यांचा निम्मा दिवस लग्नाच्या फोटो-व्हिडिओंच्या फायली पेनड्राइव्हने इकडून तिकडे करण्यात जातो. त्याची गरज नाही. राउटर नको, स्विच नको, नेट तर नकोच. दोन्ही कॉम्प्युटरांना लॅन पोर्ट (नेटवर्क केबलची खाच) असला की कॅट ६ची, म्हणजे आठ तारांची, एक नेटवर्क केबल पुरते. क्रॉस केबल (एका टोकाला तारांचा क्रम बदललेली) शोधू नका, गिगाबिट (१ जीबीपीएसचा) पोर्ट साधीच केबल जुळवून घेतो.

विंडोजच्या रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल (ncpa.cpl) टाका, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमधून आयपीव्ही४ उघडा. एकाला आयपी, म्हणजे जोडणीतला पत्ता, १९२.१६८.५०.१ द्या, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामाच ठेवा, नाहीतर हॉटस्पॉटवरचं नेट अडकू शकतं. पहिल्यावरचा फोल्डर शेअर करा आणि दुसरीकडे एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) देऊन पहिल्याचा आयपी लिहा. इथे पिन चालत नाही, पहिल्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा पासवर्डच लागतो. तरीही उघडत नसेल तर विंडोजने ही जोडणी 'पब्लिक', म्हणजे परकी, धरलेली असते. ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये पब्लिकखालचं फाइल शेअरिंग चालू करा, काम झालं की आठवणीने बंद करा.

आता इथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड पाहा. १ जीबीपीएस असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतं. १०० एमबीपीएस दिसला तर तेच शंभर जीबीचं काम अडीच तास खातं. अशा वेळी सेटिंग्ज चाळत बसू नका, आधी केबल पाहा. शंभरला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसली तरी जोडणी होते, पण रांगते. प्लग उजेडात धरा: आठही टोकं समोरच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. क्लिप पलीकडे आणि केबल खालून, असं धरल्यावर डावीकडून क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. केबल घेताना तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं चकाकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, घेऊ नका. दोन-चारदा वाकवलं की तुटतं.

स्पीड १ जीबीपीएस असूनही ८०-९० एमबीच मिळत असेल तर जुनी हार्डडिस्क तेवढंच देते. अडीच गिगाबिटचे यूएसबी अडॅप्टर दोन्हीकडे एसएसडी असेल तरच घ्या, आणि यूएसबी ३च्या पोर्टलाच लावा.

घरातून दुकानात अंगणावरून तांब्याची केबल मात्र ओढू नका. मृगात जवळपास वीज पडली तरी दोन्ही पोर्ट जातात. तिथे फायबर (काचेची केबल) आणि दोन टोकांना ती लॅन पोर्टला जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावा.